लॉकअप खरंच गेलाय का? जुनी ऑटोमॅटिक गाडी घेण्याआधी आणि गिअरबॉक्स उतरवण्याआधी

भोरकडच्या एका शाळेतले सर गेल्या पौषात त्यांची गाडी घेऊन आले. सहा वर्षं वापरलेली डिझेल एसयूव्ही, सहा गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स, विकत घेऊन चार महिने झालेले. ॲव्हरेज चौदाचं बारावर आलंय आणि हायवेला इंजिन उगाच वर ओरडतं, एवढीच तक्रार. एका गॅरेजने आधीच ‘कन्व्हर्टर गेला’ (इंजिनाची ताकद ऑइलमधून बॉक्सकडे नेणारा टॉर्क कन्व्हर्टर) म्हणून सांगितलं होतं आणि बॉक्स उतरवून तो बदलूनही दिला होता. ऐंशी हजार रुपये गेले, गाडी होती तशीच राहिली.

मी सरांना शेजारी बसवून खेड शिवापूरपर्यंत जाऊन आलो. स्कॅनरवर कूलंटचं तापमान ६२ अंश. पंधरा मिनिटं ८० ने चालवली तरी ६२. परत येऊन थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं, तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. कधीकाळी ‘गाडी तापते’ म्हणून कुणीतरी तो काढून टाकलेला. इंजिन नीट गरमच होत नव्हतं, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर लॉकअप, म्हणजे इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारा कन्व्हर्टरमधला क्लच, लागूच देत नव्हता. नवा थर्मोस्टॅट बसवला, दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याला ७० च्या पुढे आरपीएमचा काटा अलगद खाली आला आणि तिथेच थांबला. सर बराच वेळ काट्याकडे बघत होते. मग म्हणाले, “अहो, एवढं आधी कुणी का नाही बघितलं?”

पुण्यात धायरीला माझं गॅरेज आहे आणि गेली एकोणीस वर्षं मी ऑटोमॅटिक बॉक्सचंच काम करतो. सरांचा तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. लॉकअप तपासायची पद्धत अवघड नाही. गाडी घेणाऱ्यालाही तिच्यातला मोठा भाग स्वतः करता येतो, म्हणून सगळं लिहून काढतोय.

आधी एक खात्री करून घ्या. आपल्याकडे एएमटीलाही ऑटोमॅटिक म्हणतात आणि डीसीटीलाही. एएमटीमध्ये टॉर्क कन्व्हर्टर नसतोच, तिथे साधी क्लच प्लेट असते, फक्त ती दाबायचं काम मशीन करतं. आपल्याकडच्या डीसीटी गाड्यांचंही तसंच, तिथे दोन क्लच असतात. गिअरच्या पायऱ्या नसलेल्या सीव्हीटीमध्ये मात्र बहुतेक वेळा कन्व्हर्टर असतो आणि लॉकअपही. पुढचं सगळं कन्व्हर्टरवाल्या गाड्यांसाठी आहे.

आत काय चालतं

दोन पराती तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसा कन्व्हर्टर दिसतो. आत ऑइल भरलेलं. इंजिनाकडची पाती ऑइल फेकतात, ते ऑइल समोरच्या पात्यांवर आदळून बॉक्सचा शाफ्ट फिरवतं. मध्ये लोखंडाला लोखंड कुठेच जोडलेलं नाही, म्हणून सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी राहते आणि इंजिन बंद पडत नाही. पण याच कारणाने हायवेला थोडी घसरण कायम चालू राहते. इंजिन १,९०० फेरे फिरतं, शाफ्ट १,७०० च फिरतो. मधले दोनशे उष्णता बनून ऑइलमध्ये जातात.

ही गळती थांबवायला कन्व्हर्टरच्या आत एक क्लच बसवलेला असतो, तोच लॉकअप. ठरावीक वेगाला कॉम्प्युटर सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या झडपेला) हुकूम देतो, ऑइलचा दाब फिरतो, आतली प्लेट कन्व्हर्टरच्या भिंतीला चिकटते आणि इंजिन व बॉक्स एकच होऊन फिरतात. कल्पना जुनी आहे. पॅकार्डच्या अल्ट्रामॅटिक बॉक्समध्ये १९४९ सालीच असा क्लच होता. इंधन महागल्यावर १९७८ पासून क्रायस्लरने तो आणला आणि मग तो सगळीकडे पसरला.

कॉम्प्युटर हा हुकूम उठसूट देत नाही. बॉक्सचं ऑइल कोमट तरी झालेलं हवं, इंजिन गरम हवं, ब्रेकवर पाय नको, एक्सलेटर फार दाबलेला नको. यातली एक अट तुटली की लॉकअप सुटतो, आणि ते बरोबरच आहे. घाटात तो दहा वेळा लागेल, दहा वेळा सुटेल. त्याला बिघाड समजू नका.

रस्त्यावरची परीक्षा

विकणारा माणूस चावी देतो, सोसायटीला एक चक्कर मारू देतो आणि म्हणतो, बघा कशी मक्खन चालते. त्या चकरेत लॉकअप लागतच नाही. थंड ऑइलवर, चाळीसच्या वेगाला, गेलेला लॉकअपही लपून राहतो. पहिला स्टार्ट थंड गाडीवरच घ्या, कारण इंजिनाचे वेगळे आजार तेव्हाच दिसतात. पण त्यानंतर निदान वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवू द्या, हे फोनवरच ठरवून घ्या. जो एवढाही वेळ देत नाही, त्याची गाडी मी माझ्या माणसांना घेऊ देत नाही.

माझा ठरलेला रस्ता म्हणजे नवीन कात्रज बोगदा ओलांडून शिंदेवाडी, तिथून खेड शिवापूर आणि परत. जाताना मोकळा सपाट पट्टा मिळतो, येताना बोगद्याकडे चढ लागतो. दोन्ही हवेत. तुमच्या गावाजवळ असाच रस्ता शोधा, वर्दळ कमी असलेला, आणि सोबत एक माणूस न्या. आकडे तो बघेल, तुमची नजर रस्त्यावर राहू दे.

सपाटीवर हलक्या पायाने ८० पर्यंत जा आणि पाय स्थिर ठेवा. टॉप गिअर पडल्यावर एकदोन क्षणांनी आरपीएम आणखी दीडशे-तीनशेने खाली आला पाहिजे. सहा गिअरच्या गाडीत सातवा गिअर पडल्यासारखं वाटतं, तोच लॉकअप. नव्या धाटणीच्या बॉक्समध्ये तो खालच्या गिअरलाही, कमी वेगालाही लागतो, तिथे हा उतार हळू आणि पुसट असतो.

आता मागे गाडी नाही हे आरशात बघून, एक्सलेटर आहे तिथेच ठेवून, डाव्या पायाने ब्रेकला फक्त स्पर्श करा. ब्रेक लागायला नको, मागचा दिवा पेटण्यापुरताच पाय टेकवायचा. आरपीएम झटकन दोन-तीनशेने वर गेला आणि पाय काढल्यावर काही क्षणांनी पुन्हा खाली आला, तर लॉकअप लागतोय आणि सुटतोय. काहीच फरक पडला नाही, तर तो लागलेलाच नव्हता. ज्यांना डावा पाय ब्रेकवर ठेवायची सवय नाही त्यांनी हे करू नये. गाडी एकदम दाबली जाते आणि मागचा येऊन धडकतो. त्यांच्यासाठी दुसरी खूण आहे. ८० ला स्थिर असताना एक्सलेटर किंचित वाढवा. लॉकअप लागलेला असेल तर काटा आणि वेग हातात हात घालून वर जातात. नसेल तर काटा आधी उडी मारतो आणि वेग मागून येतो.

परतीच्या चढावर खरी परीक्षा. ५० ते ८० च्या मध्ये, इंजिन दीड-दोन हजारावर, पाय हलकाच पण गाडीवर थोडा भार, अशा वेळी लक्ष द्या. टोलनाक्याआधीच्या रम्बलरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर दोन-तीन सेकंद आली आणि विरली, पुन्हा थोड्या वेळाने आली, तर ती लॉकअपच्या प्लेटची थरथर असू शकते. ‘असू शकते’ हे मी मुद्दाम लिहितोय, पुढे बघा.

शेवटी गाडी सावकाश थांबवा, डी मध्येच. थांबता थांबता इंजिन गुदमरलं, हादरून बंद पडलं, जसं मॅन्युअल गाडीत क्लच न दाबता ब्रेक मारल्यावर होतं, तर लॉकअप सुटत नाहीये. पुन्हा तसंच करा, पण थांबायच्या जरा आधी एन मध्ये टाका. तेव्हा इंजिन शांत राहिलं तर शंका पक्की. हा दोष क्वचित दिसतो, पण दिसला की ती गाडी घेऊ नका.

थरथर कुणाची

इथेच सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी जातात, म्हणून जरा थांबून सांगतो.

थरथर चालू असताना ब्रेकला पाय टेकवला आणि ती त्याच क्षणी गेली, की बरेच जण कन्व्हर्टरचा निकाल लावून मोकळे होतात. मीही सुरुवातीची काही वर्षं तसंच करायचो. पण विचार करा. लॉकअप सुटल्यावर इंजिन आणि बॉक्स यांच्यामध्ये पुन्हा ऑइलची गादी येते. इंजिनाचा एखादा सिलिंडर अधूनमधून चुकत असेल, प्लग झिजलेला असेल, कॉइल कमकुवत असेल, तर तो धक्का लॉकअप लागलेला असताना थेट सीटपर्यंत पोचतो आणि लॉकअप सुटला की गादीत विरून जातो. म्हणजे ब्रेकने थरथर गेली एवढ्यावरून प्लेट दोषी ठरत नाही.

निकाल देणारा आकडा एकच, घसरण. इंजिनाचे फेरे वजा टर्बाइनचे, म्हणजे बॉक्सकडच्या पात्यांचे फेरे. स्कॅनरवर त्याला टीसीसी (टॉर्क कन्व्हर्टर क्लच) स्लिप म्हणतात. त्याच्या शेजारी लॉकअपचा हुकूम किती टक्के आहे तो आकडा लावा आणि ऑइलचं तापमानही. थरथर येते त्या क्षणी सोबतच्या माणसाने बघायचं. हुकूम पूर्ण आहे, घसरण दहा-वीसवर स्थिर आहे आणि तरीही गाडी थरथरते, तर आजार इंजिनाचा. प्लग, कॉइल, डिझेलला इंजेक्टर बघा. घसरण वीसवरून शंभर, पुन्हा तीस, पुन्हा दीडशे अशी नाचते आणि त्याच तालावर गाडी हादरते, तर आजार लॉकअपचा. काही बॉक्समध्ये कॉम्प्युटर मुद्दाम वीस ते पन्नास फेऱ्यांची घसरण ठेवतो, त्यामुळे स्थिर तीसचा आकडा दिसला म्हणून घाबरू नका. आकडा किती आहे यापेक्षा तो नाचतो का, हे महत्त्वाचं.

चाकाची थरथर ओळखणं सोपं आहे. ती वेगाशी बांधलेली असते. पाय पूर्ण सोडला तरी ९० ला येते ती ९० लाच येते, बहुधा स्टिअरिंगवर जाणवते. सिग्नलला डी मध्ये उभं असताना हादरे आणि एन मध्ये कमी, तर आधी इंजिनाची माउंटिंग बघा.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बऱ्याच गाड्यांत फक्त इंजिनाशी बोलतो, बॉक्सचे आकडे देत नाही. त्या कंपनीची माहिती असलेलं ॲप किंवा गॅरेजचा स्कॅनर लागतो. तेही नसेल तर कागदावर गणित करता येतं. समजा टायर एका फेऱ्यात २.१ मीटर जातो. ८० च्या वेगाला गाडी मिनिटाला १,३३३ मीटर जाते, म्हणजे चाकाचे सुमारे ६३५ फेरे. टॉप गिअर आणि डिफरन्शियल यांचा गुणाकार २.७ असेल, तर लॉकअपमध्ये इंजिन १,७१५ च्या आसपास हवं. गुणोत्तरं गाडीच्या तांत्रिक माहितीत मिळतात. काटा साडेएकोणीसशे दाखवत असेल तर लॉकअप लागलेला नाही. वेग मात्र फोनच्या जीपीएसवरून घ्या, गाडीचा मीटर बहुतेक वेळा थोडा जास्त दाखवतो.

बिघाडाचे कोड वाचायला मात्र स्वस्त स्कॅनरही अनेकदा पुरतो. पी०७४० आणि पी०७४३ आले की आधी वायर, कनेक्टर, सोलेनॉइड. पी०७४१ म्हणजे हुकूम दिला पण लॉकअप हवा तसा लागला नाही, पी०७४२ म्हणजे सुटला नाही, पी०७४४ म्हणजे लॉकअपचं सर्किट अधूनमधून तुटतं. एकही कोड ‘कन्व्हर्टर बदला’ असं सांगत नाही. पी०१२८ दिसला तर थर्मोस्टॅटकडे जा, सरांची गोष्ट आठवा. आणि कोड अजिबात नसतील तर ‘कोड पुसल्यानंतर चाललेलं अंतर’ हा आकडा उघडा. विकायला काढलेल्या गाडीत तो सहा किलोमीटर असेल, तर कुणीतरी आज सकाळीच कोड पुसलेत.

लॉकअप लागतच नसेल तर

बॉक्सला हात लावण्याआधी तीन जागा. थर्मोस्टॅटचं सांगितलंच: हायवेला कूलंट ८० च्या वर टिकायला हवं, साठ-पासष्टवर रेंगाळायला नको. दुसरी जागा ब्रेकचा स्विच. पेडलवरचा छोटा रबरी गुटका झिजून पडतो, स्विचला वाटतं पाय ब्रेकवरच आहे, आणि लॉकअप कायमचा बंद. मागचे दिवे सतत पेटलेत का बघा. काही गाड्यांत स्विचमध्ये दोन वेगळी सर्किटं असतात, दिवे ठीक असूनही दुसरं सर्किट चुकीचं बोलतं, तेव्हा स्कॅनरवरच ब्रेकची स्थिती बघावी लागते. ज्या गाडीत क्रूझ कंट्रोल आहे तिथे एक सोपी खूण आहे. क्रूझही लागत नसेल आणि लॉकअपही नाही, तर स्विचवर पहिला संशय घ्या. दुरुस्ती काहीशे रुपयांची आहे. तिसरी जागा बॉक्सच्या तापमानाचा सेन्सर. तो ऑइल कायम थंड दाखवत असेल तर कॉम्प्युटर वाट बघत बसतो.

हे तिन्ही निर्दोष निघाले, हुकूम जातोय हे स्कॅनरवर दिसतंय आणि घसरण तरीही दोनशे, तेव्हाच सोलेनॉइड, व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलच्या वाटा बदलणारा झडपांचा ठोकळा) आणि शेवटी कन्व्हर्टर, याच क्रमाने. सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजताना त्याच बॉक्सच्या मॅन्युअलमधला आकडा हवा, अंदाजाने पास-नापास करू नका. आणि सोलेनॉइड बऱ्याच बॉक्समध्ये खालचं ऑइलचं चेंबर उतरवून निघतो, त्यासाठी अख्खा बॉक्स खाली घ्यावा लागत नाही.

ऑइल

ओलं बोट स्टीलच्या ताटावर दाबून ओढलं की ते सरळ सरकत नाही, अडखळत टर्र टर्र करत जातं. जुन्या ऑइलमध्ये लॉकअपची प्लेट असंच करते. नव्या ऑइलमधली रसायनं प्लेटला अलगद धरायला लावतात. ती संपली की प्लेट धरते, सुटते, पुन्हा धरते. म्हणून घसरण नाचत असेल तर पहिला उपचार ऑइलच.

‘लाइफटाइम ऑइल’ या शब्दावर विसंबून लाखभर किलोमीटर तेच ऑइल ठेवलेल्या कितीतरी गाड्या माझ्याकडे येतात. आपलं ऊन, ट्रॅफिक आणि घाट बघता मी साठ हजाराला बदलतो. चेंबरचा नट उघडला तर सगळं ऑइल निघत नाही, निम्म्याच्या आसपास निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून एकदा बदलायचं, तीन-चारशे किलोमीटर चालवायचं, पुन्हा बदलायचं, गरज पडली तर तिसऱ्यांदा. ऑइलची प्रत प्रत्येक बॉक्सला वेगळी: कुणाला टोयोटा डब्ल्यूएस, कुणाला एसपी-फोर, कुणाला डेक्स्रॉन-सहा. ‘सगळ्याला चालतं’ असं म्हणून कुणी डबा आणला तर नको म्हणा. डिपस्टिक नसलेल्या बॉक्समध्ये पातळी ठरावीक तापमानालाच, इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट उचलून बघतात. ऑइल थोडं कमी पडलं तरी लॉकअप बिघडू शकतो.

निघालेलं ऑइल पांढऱ्या कागदावर टाका. तपकिरी झालेलं चालेल. काळं आणि जळकट वासाचं असेल, चेंबरच्या चुंबकावर राखाडी लेपाऐवजी चमकणारे कण असतील, तर प्लेटचं अस्तर गेलंय, नवं ऑइल ते परत आणणार नाही. गुलाबी दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, रेडिएटरमधल्या कूलरमधून किंवा पुरातून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला, त्यानंतर पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या गावांत विकल्या गेल्या. त्यातल्या दोन माझ्या रॅम्पवर आल्या. अस्तर कागदासारखं असतं, पाणी पितं आणि सुटतं. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. घेतली गेलीच असेल, तर सीटखालचे रूळ आणि बेल्ट पूर्ण ओढून त्याचं टोक तपासा, चिखलाची रेघ तिथे राहते.

कन्व्हर्टर बदलायचीच वेळ आली तर कूलर आणि त्याच्या नळ्या साफ करून किंवा बदलून घ्या. जुन्या अस्तराचा चुरा तिथे बसलेला असतो आणि नव्या कन्व्हर्टरमध्ये येतो. बिलात ही ओळ आहे का, आधी विचारा.

घेणाऱ्याने भाव कसा करावा? लॉकअप लागत नाही पण घसरण कुठेच नाचत नाही, ऑइल स्वच्छ आहे, तर दोष बहुधा बाहेरचा, स्वस्तातला. गाडी घ्यायला हरकत नाही. हलकी थरथर आणि तपकिरी ऑइल असेल, तर तीन वेळच्या ऑइलचे पैसे भावातून कमी करा आणि ऑइलने काम झालं नाही तर काय, हेही मनात धरा. काळं ऑइल असेल तर कन्व्हर्टरचा आणि बॉक्स उघडण्याचा पूर्ण खर्च कमी करून मागा, नाहीतर नमस्कार करून निघा.

ऑइल बदलल्यावर त्याच रस्त्याला, त्याच वेगाला पुन्हा जा. तापमान, हुकूम, घसरण, हे तीन आकडे तारखेसकट वहीत लिहा. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा, पाच हजारनंतर पुन्हा. सरांच्या गाडीचं पान माझ्या वहीत आहे: ८० ला कूलंट ८८, घसरण १२, पाच हजारनंतरही १२.